ठोक्याला ठोका

मी जात्याच संशयी. दूधवाल्यानं माप शिगोशीग भरलं तर मला वाटतं, काल यानं पाणी जास्त घातलं असणार, म्हणून आज लाजतोय. घरचे म्हणतात, हिला देव पावला तरी ही आधी विचारेल, तुम्हाला पाठवलं कोणी? म्हणू देत. संशय घेतला म्हणून माझं आजवर काही अडलं नाही. पण माझ्याइतकीच संशयी अशी एक अख्खी गल्ली मला जळगावात भेटली, आणि तिथे माझी बरोबरी झाली.

चौसष्ट-पासष्टची गोष्ट. धुळ्याला बालवाडीच्या बाईचं शिक्षण घेऊन मी जळगावला नोकरीवर आले होते. तोपर्यंत बालवाडी म्हणजे काय, तर हाताची घडी, तोंडावर बोट. बाईंनी एक ओळ म्हणायची, पोरांनी मागून ओरडायची, मध्येच शेंगदाणे-गूळ वाटायचा आणि घरी सोडायचं. आमच्या धुळ्याच्या शिकवणाऱ्या बाई मात्र वेगळ्याच होत्या. वयस्कर, बारीक, आवाज करवतीसारखा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "पोरांच्या तोंडावरचं बोट काढा आणि थोडा वेळ आपल्या तोंडावर ठेवा. पोरानं एक म्हटलं की त्याचंच धरून तुम्ही एक म्हणा, मग गप्प बसा. त्याची पाळी त्याला द्या. त्यानं नुसतं बोट दाखवलं तरी ते बोलणंच."

मला वाटलं, बाईंना शिकवायचा कंटाळा आलेला दिसतो. पोरांशी गप्पा मारायला शिक्षण कशाला लागतं? आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या दिवसभर तेच करतात. पण सरावासाठी दिलेल्या वर्गात एका बोबड्या पोरानं मला "शेली" म्हटलं. मी म्हटलं, "शेळी? कुठं आहे?" आणि थांबले. थांबणं मला फार जड गेलं, माझी जीभ वळवळत होती. तो म्हणाला, "घली." मी म्हटलं, "घरी काय करते?" अहो, तो पोरगा सकाळभर बोलत होता. शेळीचं पिल्लू, पिल्लाचा पाय, पायाला बांधलेली आईच्या लुगड्याची चिंधी, आईचं रडणं. मी थक्क झाले. एवढंसं ते ध्यान, आणि त्याच्या पोटात एवढं सगळं! त्या दिवसापासून मी त्या कामाला चिकटले.

जळगावात आमची बालवाडी सोनारांच्या गल्लीत होती. एका मारवाडी शेठनं आपल्या धर्मशाळेची खालची खोली दिली होती. शहाबादी फरशी, तिच्यावर जाड सतरंजी, एक टेबल आणि पाण्याचा माठ, एवढंच सामान. मदतीला गल्लीतलीच एक प्रौढ विधवा होती. सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. पोरांना घरून आणणं, नाकं पुसणं आणि मला गल्लीच्या बातम्या पुरवणं, ही तिची कामं. गल्लीला ती माझ्या बातम्या पुरवत असणार, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

आता त्या दिवसांत जळगावच्या सोनारगल्लीत काय चाललं होतं ते सांगायला हवं. सरकारनं सोन्यावर नियंत्रण आणलं होतं. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही म्हणजे नाही. ज्या गावाची सगळी पत सोन्यावर, तिथे ऐरणी थंड पडल्या. कुणी टांगा घेतला, कुणी पानाची टपरी टाकली. आणि कुणी दार लावून जुनंच काम करत राहिलं, कारण मुलीच्या लग्नात व्याह्यापुढे चौदा कॅरेटची पाटली ठेवायची छाती कुणाची होती? अधूनमधून बॅगा घेतलेली सरकारी माणसं येत, एखादं घर उकरून जात. मग चार दिवस गल्लीत कुणी कुणाशी बोलत नसे. खबर कोणी दिली, हा एकच प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांत असे.

अशा गल्लीत मी आले. बाहेरगावची, एकटी, खोली भाड्यानं घेतलेली. आणि धंदा काय, तर पोरांना विचारायचं, "काल घरी काय काय केलं रे?" आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं! आमच्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. इथल्या गल्लीला कान होते, हे मला कळायला वेळ लागला.

एकदा एक पोरगा रंगात येऊन म्हणाला, "बाई, आमच्या देव्हाऱ्यामागे ना, भोक आहे." मी आपली धुळ्याच्या शिकवणुकीप्रमाणे म्हटलं, "हो? मग त्या भोकात कोण राहतं?" मला वाटलं, उंदीर निघेल. तिकडे अक्काच्या हातातला झाडू गळून पडला. पोरगा पुढे काही बोलायच्या आत तिनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

दुसऱ्या दिवशी निम्मी सतरंजी रिकामी. दुपारी अक्का दारात घुटमळली.

"बाई, राग येवाव नही ना? तुम्ही पोरेस्ले इतलं कसाले इचारतस? बठ्ठी गल्ली म्हनी राहिनी, ही बाई सरकारनी शे."

"सरकारनी नही, धुळानी शे!" मी तिच्याच अहिराणी बोलीत ओरडले. "आणि सरकारची असते तर या माठाला नवीन झाकण नसतं का आणलं?"

ती हसली, पण हसताना माझ्या टेबलाच्या खणाकडे तिनं पाहिलंच. मला असा राग आला! चोराच्या मनात चांदणं, म्हटलं. तुमच्या भोकात काय आहे ते तुमचं तुम्हाला लखलाभ, मला पोराची जीभ सोडवायची आहे.

काही दिवसांनी पोरं परत आली, पण घरून पढवून आली. "काय जेवलास?" "माहीत नाही, बाई." "बाहेर ऊन आहे की ढग?" "माहीत नाही, बाई." एकीला विचारलं, "तुझं नाव काय गं?" ती गोंधळून इकडेतिकडे बघू लागली आणि म्हणाली, "माहीत नाही, बाई." मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी मेहरूणची बोरं आणली आणि सतरंजीवर ओतली. बोरापुढे कसली आलीय गुप्तता! आंबट कुठलं, गोड कुठलं, बी कुणी गिळलं, यावर अशी भांडणं लागली की "माहीत नाही" विसरूनच गेली सगळी. मी ठरवून टाकलं की घरचं काही विचारायचं नाही. बोरं, मुंग्या, धर्मशाळेची मांजर, जे समोर दिसेल त्यावरच बोलायचं. हळूहळू वर्ग पुन्हा गजबजला.

एक पोरगी मात्र बोलली नाही. चार वर्षांची असेल. सावळी, तेल चोपडून घट्ट दोन वेण्या, कपाळावर काळी टिकली. रोज यायची, भिंतीशी बसायची, सगळ्यांचं ऐकायची. बोरं खायची, बिया ओळीनं मांडायची. तोंडातून अक्षर नाही. हसू आलं तरी ओठ मिटून हसायची. आधी मला वाटलं मुकी आहे. अक्का म्हणाली, "मुकी कसाले? घरमा पोपटनागत बोलस." मग माझा संशय जागा झाला. घरी बोलते आणि इथेच बोलत नाही, म्हणजे नक्की काहीतरी आहे. मारत असतील का हिला? मी तिचे हातपाय निरखून पाहिले, एक वळ नाही. शिकवून पाठवली असेल म्हणावं, तर बाकीचीही शिकवूनच पाठवलेली होती, ती बोरांवर विरघळली. ही बोरांनाही बधेना.

घर बघायलाच हवं होतं. पण नुसतं गेले असते तर दारच उघडलं नसतं. तिच्या बापाच्या दारावर पाटी होती, 'स्टोव्ह दुरुस्त करून मिळतील'. सोन्यावरचं नियंत्रण आल्यावर त्यानं ती लावली होती. मी माझा चांगला चालता स्टोव्ह उचलला, त्याची पिन वाकडी केली आणि गेले.

लांबूनच आवाज येत होता. दोन हलके ठोके, एक जड. दोन हलके, एक जड. स्टोव्ह कुणी असा नाजूक ठोकतं होय? मी पायरीवर पाय ठेवला आणि आवाज थांबला. आतून एक स्वच्छ, खणखणीत आवाज आला, "आई, बालवाडीच्या बाई आल्या! हातात स्टोव्ह आहे!" मग दार वीतभर उघडलं. तिची आई. तिच्या मागे लुगड्याआडून दोन वेण्या. मी म्हटलं, "अगं, किती छान बोलतेस! काय म्हणालीस?" पोरगी उंबऱ्याच्या अलीकडे आली आणि ओठ मिटले ते मिटलेच.

तिचा बाप बाहेर आला. बोटांची टोकं काजळलेली, कपाळावर घाम. स्टोव्ह त्यानं असा धरला, जसं काही मी त्याच्या हातात तान्हं मूल दिलंय.

"भाऊ, तुमची मुलगी माझ्याकडे एक शब्द बोलत नाही. का ते सांगाल का?"

त्याच्या चेहऱ्यावर काळजी येईल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा फुलला. "शहाणी आहे पोर. घरचं बाहेर नेत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. गल्लीत विचारा, सगळे म्हणतात पोर असावी तर अशी."

"अहो, पण पाणी हवं असलं तरी मागत नाही ती!"

"पाणी काय, घरी येऊन पिते," तो म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "तुम्हाला तिच्याकडून काय ऐकायचंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले, कारण माझा स्टोव्ह त्याच्या हातात होता. तो स्टोव्ह दोन दिवसांनी परत आला आणि नंतर कधी धड पेटला नाही. सोनारानं स्टोव्हला हात लावला की असंच व्हायचं.

त्यानंतर एका सकाळी असं झालं, की पोरं मांजरीच्या मागे अंगणात गेली होती आणि मी चिडून टेबलावर खडूनं ठकठक करत बसले होते. कशाला चिडले होते ते आता आठवत नाही, मला कारण लागतच नाही. माझी ठकठक थांबली आणि भिंतीकडून तीच ठकठक आली. पाहते तो ती पोरगी. पालथी वाटी मांडीवर घेऊन चिंचोक्यानं ठोकत होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी दोन ठोके दिले. तिनं दोन दिले. मी तीन दिले. तिनं तीन दिले, आणि वर आपला एक जड ठोका जोडला. जोडला आणि थांबली. डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. माझी पाळी होती!

मला कोण आनंद झाला! ते बोलणंच होतं. तोंड मिटलेलं, पण बोलणं. मी तिचे चार धरून पाचवा लावला. तिनं पाच ऐकले, मान हलवली, आणि सगळं मोडून नवंच काहीतरी सुरू केलं. त्या दिवसापासून रोज आमचं चालायचं. ती रागावली की भराभर ठोकायची, कंटाळली की एकच ठोका, लांब अंतरानं. शेंगदाणे कमी मिळाले तर तिची वाटी मला तसं सांगायची. बाकीची पोरंही शिकली. वाट्या, खडे, पाट्या, सगळीकडून ठोक्याला ठोका. तिच्याभोवती पोरं जमू लागली. मात्र तिचा लाडका ठोका ठरलेला. दोन हलके, एक जड.

अक्का एक दिवस कान झाकून म्हणाली, "बाई, हाऊ आवाज बंद करा. हाऊ गल्लीले वळखू येस."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. सोनारगल्लीतला कुठलाही माणूस तो ठेका झोपेतही ओळखेल. पाटी स्टोव्हची, आणि घरात ठोका सोन्याचा, हे पोरगी तोंड न उघडता सगळ्या गल्लीला सांगत होती. आणि तिच्यासोबत माझी सगळी बालवाडी कोरसात!

दुसऱ्याच दिवशी तिचा बाप खिडकीशी उभा दिसला. किती वेळ उभा होता कोण जाणे. आत आला, पोरीच्या हातातली वाटी काढून घेतली आणि मला म्हणाला, "तोंडानं नाही निघालं, तर आता असं काढता का?"

"काय काढते मी? सोनं काढते की काय तुमच्या पोरीतून?"

'सोनं' हा शब्द मी मोठ्यानं उच्चारला. तो पांढराफटक पडला आणि त्यानं दाराकडे पाहिलं. दारात अक्का होती. ती घाईघाईनं माठ विसळू लागली.

"उद्यापासून पोर येणार नाही," तो म्हणाला.

पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती, रिकामी बोटं एकमेकांत अडकवून. तिला त्या घरात कोंडलेलं माझ्या डोळ्यांपुढे आलं. दार वीतभर उघडं, आणि बाहेरच्या जगाशी बोलायची तिची एवढीशी वाट होती तीही बंद. उद्या शाळेत जाईल, तिथे गुरुजी नाव विचारतील आणि ही ओठ मिटून उभी राहील. मुकी म्हणून परत पाठवतील. मला भांडण येतं, गयावया येत नाही. पण त्या दिवशी मी गयावया केली. "भाऊ, आखाजीपर्यंत तरी येऊ द्या. वर्ष तेवढं पुरं होऊ द्या." त्यानं माझ्या टेबलावरून, खणावरून नजर फिरवली. मला काय मिळतं यातून, तेच तो शोधत असणार. शेवटी म्हणाला, "आखाजीपर्यंत. पण हे ठोकणं बंद." मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी बोटांनी सतरंजीवर ठोकायला लागले, आवाज न करता. मी काय कुणाच्या बापाला भिते! तीही लबाड, माझ्याजवळ सरकून बसायची आणि बोटानं उत्तर द्यायची. हाताखालची सतरंजी हलायची, त्यावरून आम्हाला कळायचं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, सकाळी नऊलाच फरशी तापायची. त्या दिवशी पोरं पेंगुळलेली होती. मी एकाची गोष्ट ऐकता ऐकता सतरंजीवर दोन ठोके दिले. उत्तर आलं नाही. पुन्हा दिले. नाहीच. मला वाटलं, रागावली. मग वाटलं, बापानं हेही हेरलं आणि घरी दम दिला. त्या माणसाला मनातल्या मनात चार शिव्या हासडून मी मान वळवली.

ती ताठ बसली होती. चेहरा घामानं निथळत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि ओठ असे आवळलेले, की पांढरे पडले होते. एक हात पायावर घट्ट दाबलेला. तिच्या पायाशी सतरंजीची घडी होती आणि त्या घडीत नांगी वर करून विंचू होता.

मी किंचाळले. अक्कानं धावत येऊन चपलेनं विंचू मारला. चार वर्षांची पोर, विंचू चावलेला, आणि तोंडातून हूं की चूं नाही! मोठी माणसं विंचवानं गडाबडा लोळतात. मी तिला खांद्यावर टाकलं, अक्काला म्हटलं बापाला घेऊन ये, आणि चौकातल्या डॉक्टरांच्या दवाखान्याकडे पळत सुटले.

दवाखाना भरलेला. बाकांवर गल्लीतलीच माणसं, आणि टोकाला चामडी बॅग मांडीवर घेतलेला एक अनोळखी माणूस. डॉक्टरांनी पोरीला लगेच टेबलावर घेतलं.

"कुठं चावला, बाळ? एकदा की दोनदा? जीभ जड वाटते का? छातीत कसं होतंय?"

ओठ मिटलेले.

"बोलत का नाही ही? बाई, विष कुठवर चढलंय ते मला कळायला हवं. हिची जीभ बधिर झाली असेल तर गोष्ट वेगळी आहे."

"बोल गं माझी बाय," मी म्हणत होते. "ओरड, शिव्या दे, काहीही कर." ती हुंदके गिळत होती. प्रत्येक हुंदक्याला तिचं अंग हिसका खायचं आणि ओठ आणखी घट्ट व्हायचे.

अक्काच्या पुढे बाप धावत आला. अंगात नुसती गंजी, हाताला काजळी तशीच. तिला तसं पाहून तो टेबलाकडे झेपावला. "बोल बाळ, डॉक्टर विचारतात त्यांना सांग. बोल ना."

तिनं मान हलवली. नाही. आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही. मी तिची नजर धरून पाहिलं, ती त्याच्या गळ्याकडे बघत होती.

आयुष्यात मी हजार संशय घेतले असतील. तो एक घेताना माझ्या अंगावर काटा आला.

"भाऊ, तुम्ही हिला शपथ घातलीय का?"

त्यानं बाकांकडे एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मागच्या उन्हाळ्यात. दारात एक माणूस आला होता, पत्ता विचारायला. हिनं त्याला सांगितलं, बाबा आत बांगडी करताहेत. माणूस साधा होता, निघून गेला. पण माझा थरकाप झाला. मी म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ, घराबाहेर तोंड उघडलंस तर."

"आणि सुटली कधी म्हणालात?"

तो ते म्हणालाच नव्हता. आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं, घातलेली शपथ ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हणायची असते. नाही तर ती राहते. मोडली तर ज्याच्या गळ्याची, तो मरतो. मोठी माणसं शपथ घालतात आणि विसरतात. या पोरीनं ती वर्षभर पाळली होती. तहान लागली तेव्हा पाळली, हसू आलं तेव्हा पाळली, आणि आता विंचवाचं विष अंगात घेऊन बापाला जिवंत ठेवत होती.

बापानं दोन्ही हात स्वतःच्या गळ्याला लावले. "सुटली गं. सुटली. शपथ सुटली. मी मरत नाही, बघ, मला काही होत नाही."

तिनं क्षणभर खात्री केली. आणि मग असा टाहो फोडला, की रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली. "आई गं! बाबा! जळतंय! इथं जळतंय! दोनदा चावला!" मी तिथेच खाली बसले आणि तिच्याबरोबर रडले. कुणाला काय वाटेल याची पर्वा मला तेव्हा नव्हती.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पाय बांधला. मग म्हणाले, "आता हिला झोपू द्यायचं नाही. जीभ जड होते का त्यावर मला लक्ष ठेवायचंय. बोलतं ठेवा. काय वाटेल ते बोलू दे, पण थांबू देऊ नका."

ते काम माझंच होतं. मी तिचा हात धरून म्हटलं, "दोनदा चावला काय मेला! मग तू त्याला पाहिलंस का?" "पाहिला. काळा होता." "किती मोठा?" आणि मी थांबले. वर्षभराचं साचलेलं, ते एवढ्याशा वाटेनं बाहेर यायला लागलं. विंचवावरून मांजर, मांजरीवरून बोरं, बोरांवरून शेंगदाणे कुणी चोरले ते. बाकांवरची माणसं हसू लागली. चामडी बॅगवाला नुसता ऐकत होता. तिचे डोळे मिटायला लागले तशी मी घाबरले आणि जे तोंडाला आलं ते विचारलं.

"आणि काल? काल काय केलंस गं?"

"काल ना," ती दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबांनी दार लावलं आणि पाटल्या ठोकल्या. खऱ्या. पिवळ्या."

अक्कानं तोंडाला पदर लावला. चामडी बॅगवाल्यानं मान वर केली आणि तो बापाकडे बघू लागला. गल्लीतली माणसं खाली फरशीकडे. बापाचा काजळलेला हात झटकन पोरीच्या तोंडाकडे गेला. ती बोलायची थांबली आणि त्या हाताकडे बघू लागली. तिचे ओठ मिटत चालले होते.

हात मध्येच थांबला. त्यानं तो खाली घेतला, गंजीला पुसला. मग बाकाकडे पाठ करून तो टेबलापाशी गुडघ्यांवर बसला, तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग? कुणासाठी ठोकल्या बाबांनी पाटल्या? सांग ना, बाळ."